चिडू नका, आधी पूर्ण वाचा

प्रिय आई, बाबा,

सलाम. फोनवर सांगितलं असतं तर बाबांनी मध्येच फोन ठेवला असता आणि आई तू रडली असतीस, म्हणून लिहितेय. चर्चच्या पंचकमिटीला मी सोमवारीच कळवलं, पाळकपद घेत नाहीये. इथेच राहतेय, कुष्ठरोग्यांच्या हॉस्पिटलात, चॅपलिन म्हणजे हॉस्पिटलची धर्मसेविका म्हणून.

बाबा, तुमचा पाळकाचा झगा आईने माझ्यासाठी धुऊन, लांबी कमी करून ठेवलाय ते माहितीय मला. आठवलं की पोटात कालवतं. पण मी सेवा सोडत नाहीये हो. पगार कमी आहे पण क्वार्टर आहे, गीझर आहे, मेसमध्ये रविवारी मटण असतं (आईसारखं नाही, कोणाचंच नसतं).

तुम्ही मागे म्हणालात फादर दामियनचं काय झालं बघ. खरंय, ते कुष्ठरोग्यांची सेवा करायला 1873 ला हवाईतल्या मोलोकाई बेटावर गेले आणि 1889 ला त्याच रोगाने वारले, पण तेव्हा औषधच नव्हतं ना. आता एमडीटी आहे, म्हणजे दोन-तीन औषधं एकत्र, सहा महिने नाहीतर वर्षभर घ्यायची, फुकट मिळते, आणि गोळ्या सुरू झाल्या की पेशंटपासून लागण होत नाही. बोटं झडतात हेही खोटं, नस मरते, हात बधिर होतो, मग तवा लागला तरी कळत नाही आणि जखम चिघळत जाते. वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँडनी हे कधीच दाखवून दिलंय.

इथे रोज सकाळी सगळे ओळीने पाय पाण्यात टाकून बसतात, वीस मिनिटं, मग खरखरीत दगडाने घासून तेल लावायचं. पहिल्या दिवशी मी गेले ती मनात योहान 13 घेऊन, येशू शिष्यांचे पाय धुतो तो अध्याय, की आता मी यांचे पाय धुणार, लीडरशिप वगैरे. एका आजीने, बोटं पार आकडलेली तिची, मला खाली बसवलं, ताई टाचा किती फुटल्यात म्हणाली आणि माझेच पाय टबात टाकले. मी अगदी त्यातल्या पेत्र शिष्यासारखी नको नको करत होते. ती ऐकेना!

मत्तय 25 वर तुम्ही किती वेळा बोललात बाबा. त्यातल्या लोकांनी भुकेल्याला जेवू घातलेलं असतं, पण त्यांना पत्ताच नसतो की तो प्रभू होता, ते विचारतात, आम्ही तुला कधी भुकेलेला पाहिलं? आपल्याकडे मात्र ब्लँकेटं वाटायच्या आधी बॅनर छापून येतो. मला ते प्रवचनाचं पुलपीट नको वाटलं त्याचं हेही एक कारण, तुमच्याबद्दल नाही म्हणत मी, तुम्ही तसे कधीच नव्हता. आणि आपण तरी कोण? पणजीला 1897 च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातनं केडगावला आणलं नसतं तर हे पत्र लिहायला मी असते का? तिची वाटी अजून आपल्या कपाटात आहे. लहानपणी ताप आला की त्याच वाटीतून पेज हवी असायची मला, आई तू ओरडायचीस पण द्यायचीस.

बरं, आता ऐका. आई, टाकी बघायला स्टुलावर चढायचं नाही, शेजारच्या पोराला सांग. बीपीची गोळी नाश्त्यानंतर, विसरले म्हणायचं नाही. बाबा, शुगर महिन्याला तपासायची आणि रात्री झोपताना तळव्याखाली आरसा धरून बघायचं, कापलंय का, फोड आलाय का. तुमचेही पाय बधिर होतायत, तुम्ही सांगत नाही तरी मला कळलंय.

सोबत चप्पल पाठवतेय, आतून मऊ रबराची. इथल्या वर्कशॉपमध्ये एका पेशंटने केलीय, शुगरवाल्यांनाही हीच देतात. लोक काय म्हणतील म्हणून बाजूला टाकू नका. नाताळात मी पेपरवर तुमचा पाय ठेवून पेन फिरवलं होतं, तेव्हा रांगोळी काढतेस का म्हणालात, ते हे माप. म्हणजे ठरलं तेव्हाच होतं, सांगायचा धीर झाला नाही, माफ करा.

घालून बघा आणि फोन करा. डावी टोचते का ते तुम्हाला कळणार नाही, आईला बघायला सांगा.

तुमची,
छकुली