डाव्या रॅकचा स्पेसर ६ मिमी आखूड आहे, रस्त्याला दोष देऊ नका

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख आणि उत्पादन व्यवस्थापक

विषय : टूरिंग मोटारसायकलच्या पॅनिअर रॅक (सामानाचे डबे अडकवायची बाजूची चौकट) किटमधला चुकीचा स्पेसर (दोन भागांत अंतर राखणारी नळी), बिनखुणेचे बोल्ट, वेल्डजवळ गेलेला तडा आणि मला न विचारता बंद केलेली तक्रार.

काल दुपारी तुमच्या ग्राहक सेवेचा फोन संपला आणि अर्ध्या तासात मेसेज आला : "आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली आहे." कुठलीही गोष्ट निकाली निघालेली नाही. म्हणून हे लेखी देतो आहे.

डाव्या रॅकचा खालचा पाय मागच्या फूटरेस्टच्या हँगरवर बसतो. तिथं तुमच्याच फिटिंगच्या कागदावर २४ मिमीचा स्पेसर दाखवला आहे. पिशवीत आला १८ मिमीचा. व्हर्निअर (अचूक मापाचं साधन) लावून काढलेला फोटो सोबत आहे. मधली ६ मिमीची फट बोल्ट आवळताना पाइपच भरून काढतो, म्हणजे १६ मिमीचा पाइप तेवढा आत ओढला जातो आणि तसाच ताणलेला राहतो. तो ताण वरच्या ब्रॅकेटच्या वेल्डवर जातो. डबा अडकवायच्या आधीच वेल्डवर जोर आलेला असतो. मग त्यावर भरलेला डबा आणि प्रत्येक गतिरोधकाचा झटका. तडा ब्रॅकेटच्या पट्टीवर, बरोबर वेल्ड संपतं त्या काठापासून निघाला आहे. वाळूज एमआयडीसीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडं डाय पेनिट्रंट (बारीक तडा रंगानं दाखवणारं द्रव) मारून पाहिलं, तर ११ मिमीची लाल रेघ स्वच्छ उमटली. तो फोटोही जोडला आहे.

उजव्या बाजूचा स्पेसर कागदावर दाखवलाय तेवढाच आला. उजव्या रॅकला तडा नाही. गाडी तीच, रस्ता तोच, दोन्ही डब्यांत वजन सारखं. तुमच्या इंजिनिअरला एवढं सांगितलं तरी पुरे व्हायला हवं.

वॉरंटीत तुम्ही नवा डावा रॅक पाठवला. त्याच्या पिशवीतला स्पेसर पुन्हा १८ मिमीचाच निघाला. म्हणजे चूक एका पिशवीत झालेली नाही, पूर्ण लॉटमध्ये आहे. एवढंच कळवायला मी फोन केला होता.

आता कालचं बोलणं. पलीकडच्या माणसानं आधी विचारलं, "सर, गाडी कुठं चालवता?" मी म्हणालो, संभाजीनगर, बीड, येडशी, सोलापूर-धुळे महामार्ग. तो म्हणाला, "मराठवाडा म्हणजे रस्ते तसेच ना सर. आमचं प्रॉडक्ट चांगल्या रस्त्यांसाठी आहे." मी सांगितलं की हा राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे, आणि तुमच्या जाहिरातीतली गाडी खडकाळ घाट चढताना दाखवली आहे. त्यावर उत्तर नाही. मी स्पेसरचं माप सांगितलं. तो म्हणाला, "सर, तिकडचे मेकॅनिक जास्तच आवळतात, त्यानं असं होतं." मी म्हणालो, एम८ (८ मिमी जाडीचा) बोल्ट २४ न्यूटन मीटर एवढ्याच जोरानं, टॉर्क रेंचनं (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्यानं) आवळला आहे, तुमच्याच कागदावर तो आकडा आहे. तेव्हा त्यानं विचारलं, "तिकडं टॉर्क रेंच मिळतो का सर?"

हा प्रश्न तुम्ही स्वतः पुन्हा एकदा वाचा. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या इथल्या औद्योगिक वसाहतींत वाहनांचे सुटे भाग रोज बनतात आणि देशभर जातात. शेजारी जालन्यात लोखंडाच्या रोलिंग मिल आहेत. इथल्या आयटीआयच्या पोरालाही टॉर्क रेंच हातात धरता येतो. तुमचा माणूस मात्र, ग्राहकाच्या हातात व्हर्निअर आहे हे ऐकूनही, त्याच्या गावावरून त्याची अक्कल मोजत होता. शेवटी तो म्हणाला, "लोकल वेल्डरकडून वेल्ड मारून घ्या सर, पण मग वॉरंटी राहणार नाही." मी वरिष्ठांना जोडून द्या म्हणालो. "वरिष्ठ मीटिंगमध्ये आहेत." फोन कट. मग समाधानाचा मेसेज.

तडा गेलेल्या ब्रॅकेटवर वरून वेल्ड मारणं धोक्याचं आहे. तड्याचं टोक ड्रिलनं थांबवून, तडा पूर्ण घासून काढल्याशिवाय वेल्ड मारलं तर तो आत तसाच राहतो आणि पुन्हा चालू लागतो. ताणाचं मूळ म्हणजे आखूड स्पेसर. तो तिथंच राहिला तर नवीन वेल्डही तिथंच फाटेल. हा सल्ला देणाऱ्याला उत्पादनाची माहिती नाही, आणि तुम्हाला ती आहे असं मी धरून चाललो आहे.

बाकीचेही दोष लिहून ठेवतो. किटमधल्या एम८ बोल्टांच्या डोक्यावर ८.८ ची (ताकदीच्या दर्जाची) खूण नाही, बनवणाऱ्याची खूण नाही, काहीच नाही. वजन पेलणाऱ्या जागी असा बोल्ट देता येत नाही. त्याची ताकद किती हेच माहीत नसेल तर २४ न्यूटन मीटर हा आकडा कशाच्या जोरावर छापला? ग्रॅब रेल (मागं बसणाऱ्यानं धरायची दांडी) बसते त्या जागी तुमची ४ मिमीची पट्टी मध्ये आली, तरी बोल्ट गाडीच्या मूळ बोल्टाएवढाच लांब दिला आहे. म्हणजे सबफ्रेमच्या (सीटखालच्या मागच्या चौकटीच्या) नटात ४ मिमी आटे कमी धरतात. तिथं लांब बोल्ट हवा.

पट्टीवरची पावडर कोटिंग (भाजून बसवलेला रंग) वॉशरखालीही तशीच आहे. कोटिंगचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो. नीट आवळलेला एम८ बोल्ट एवढ्या छोट्या जोडात ताणून लांबतो जेमतेम ५० मायक्रॉन, आणि त्या ताणावरच सगळी पकड असते. उन्हानं आणि दाबानं रंग थोडा जरी दबला तरी पकड निघून जाते, मग बोल्ट हलायला लागतो, भोक लांबोळं होतं. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४२ च्या वर जातो, उभ्या गाडीचं काळं लोखंड हात लावू देत नाही. वॉशर बसतो तेवढी जागा कोटिंग न करता सोडायची, किंवा बसवताना खरवडून काढा असं कागदावर लिहायचं. तुम्ही यातलं काहीच केलेलं नाही.

सायलेन्सरजवळ नायलॉन लॉकनट (आतल्या नायलॉनच्या कडीमुळं सैल न होणारे नट) दिले आहेत. तिथल्या उष्णतेनं नायलॉन मऊ पडतं आणि लॉक उरत नाही. तिथं पूर्ण धातूचा लॉकनट लागतो. आधी सगळे बोल्ट हातानं लावा, रॅक दोन्ही बाजूंनी सरळ करा, मागचा क्रॉस स्टे (दोन्ही रॅक जोडणारी आडवी दांडी) जोडा आणि मगच टॉर्क द्या, हा क्रमही कागदावर नाही. पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचं, हेही नाही. आणि एका बाजूला किती वजन चालतं? वेबसाइटवर १० किलो, कागदावर ७ किलो, रॅकच्या स्टिकरवर ५ किलो. रिकामा ॲल्युमिनियमचा डबाच ४ किलोच्या पुढं जातो. यातला खरा आकडा लेखी कळवा. वजन मागच्या चाकाच्या ॲक्सलच्या मागं आणि वर गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि वेगात हँडल थरथरतं, त्यामुळं हा आकडा शोभेचा नाही.

माझ्या मागण्या अशा. २४ मिमीचा स्पेसर आणि ८.८ खुणेचे योग्य लांबीचे बोल्ट पाठवा, किंवा रॅक आणि स्टेचे १४,५०० रुपये परत करा. बंद केलेली तक्रार पुन्हा उघडा. आणि पैशांपेक्षा मोठी मागणी ही, की या लॉटचा रॅक घेतलेल्या प्रत्येकाला आजच कळवा, स्पेसर मोजा आणि तोपर्यंत डबे लावू नका. ब्रॅकेट तुटलं तर डबा मागून येणाऱ्या स्कूटरपुढं पडेल. त्या स्कूटरवर बसलेल्यानं तुमच्याकडून काही विकत घेतलेलं नाही. मला या गोष्टीची खरी काळजी आहे, आणि ती तुम्हालाही असायला हवी.

तुमचा रॅक मी जाणून निवडला होता. पाइपचं बेंडिंग चांगलं आहे, डब्याचं लॉक घट्ट बसतं, आणि देशात बनलेली वस्तू म्हणून चार जणांना मी घ्यायला सांगितलं. त्या चौघांना आता स्पेसर मोजायला मीच सांगितलं आहे. तिघांचे १८ मिमीचे निघाले.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करून ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली इथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन. ग्राहक राहतो तिथं ती दाखल करता येते, त्यामुळं तुमच्या माणसांना मराठवाड्यातल्या याच रस्त्यांनी यावं लागेल. उत्पादनातल्या दोषाची जबाबदारी बनवणाऱ्यावर येते, हेही त्याच कायद्यात आहे. दोन्ही आखूड स्पेसर आणि तडा गेलेला रॅक मी जपून ठेवले आहेत. ते कुरिअरनं परत मागू नका, तपासायचे असतील तर तुमचा इंजिनिअर इथं पाठवा.

सोबत : बिलाची प्रत, स्पेसर मोजतानाचे दोन फोटो, डाय पेनिट्रंटचा फोटो, फिटिंगच्या कागदाची प्रत, "समाधानकारक" मेसेजचा स्क्रीनशॉट.

नाव आणि पत्ता बिलावर आहे.