एका हाताचा चाकू

फैजपूर, ता. यावल

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. परवा व्हिडिओ कॉलवर चाकू दाखवला, तेव्हा तू म्हणालास, 'एवढ्याशा वस्तूला इतके पैसे?' रेंज गेली आणि उत्तर राहिलं. म्हणून लिहायला बसलो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं वादळ तुला सांगितलं होतं. घड लागलेलं केळीचं एक झाड कलत होतं, मी त्याला खांदा लावून उभा. त्याची दोरी शेजारच्या झाडाला बांधलेली, ती ताणून तेही ओढलं जात होतं. दोरी कापली असती तर निदान एक तरी राहिलं असतं. खिशात आबांचा चाकू होता, पण त्याचं पातं नखाने ओढून काढावं लागतं, त्याला दोन हात हवेत. दुसरा हात आणू कुठून? दाताने धरून पाहिलं, हात चिकाने माखलेले. दोन्ही झाडं डोळ्यांसमोर मोडली.

शेतात एक हात नेहमी अडकलेलाच असतो रे. ठिबकची सोळा एमएमची नळी फुटली की एका हाताने फुटका भाग दाबून धरायचा, दुसऱ्याने कापायचं. शिडीवर असलो तर एक हात शिडीचाच. हा चाकू मी त्या उरलेल्या हातासाठी घेतला.

त्याच्या पात्याला गोल भोक आहे. अंगठ्याचं पेर त्यात रुततं, ढकललं की पातं फिरून 'खट्' आवाजाने बसतं. मुठीच्या आत पोलादाची एक वाकवलेली पट्टी आहे. पातं पूर्ण उघडलं की ती आपोआप त्याच्या बुडामागे सरकते आणि पातं मिटूच देत नाही. मिटताना ती अंगठ्याने बाजूला सारायची, तर्जनीने पातं थोडं ढकलायचं, मग अंगठा काढून घ्यायचा आणि पात्याची पाठ मांडीवर टेकवून मिटायचं. अंगठा वेळेत काढायची सवय लागेपर्यंत मी रोज रात्री ओट्यावर बसून, घाई न करता हेच केलं. खिशात पातं आपणहून उघडू नये म्हणून त्याच पट्टीवर बारीक गोळी असते, ती पात्यातल्या खळग्यात बसते. केवढीशी गोळी, पण तिच्या भरवशावर मी बिनधास्त वाकतो.

हे भोक आणि खिशाला अडकवायची क्लिप अमेरिकेतल्या स्पायडरको कंपनीने १९८१ साली एकाच चाकूत आणली. त्या चाकूचं नाव 'वर्कर', म्हणजे कामकरी. मला ते नाव फार आवडलं. माझा चाकू दुसऱ्या कंपनीचा, पण कल्पना तीच.

पातं स्वीडनच्या १४सी२८एन पोलादाचं आहे. त्यात सुमारे १४ टक्के क्रोमियम आणि थोडा नायट्रोजन असतो, त्यामुळे गंज सहसा धरत नाही. आबांचं साधं पोलाद केळीच्या चिकाने काळं पडायचं, हे पुसलं की स्वच्छ. धार मात्र मी स्वतः दगडावर लावतो. चाकावर घासून पातं तापलं तर धारेचं पाणी उतरतं. आला तेव्हा बिजागरी फार घट्ट होती, अंगठा दुखायचा. चांदणीच्या आकाराचा स्क्रू पाव फेरा सैल केला, तेलाचा एक थेंब सोडला, आणि आता पातं लोण्यासारखं फिरतं. घड उतरवायला विळाच लागतो, ते काम मी याला कधी सांगत नाही.

आई पहिल्या दिवशी रागावली, 'रामपुरी घेऊन हिंडतोस का?' आता गोणीची शिवण उसवायची असली की मलाच हाक मारते.

यंदा मेमध्ये पुन्हा तसाच वारा आला. तसाच खांदा, तशीच ताणलेली दोरी. डावा हात खोडावर ठेवून उजव्याने चाकू काढला, उघडला, दोरी कापली. कललेलं झाड पडलं, शेजारचं उभं राहिलं. त्याचा घड गेल्या आठवड्यात उतरवला, चोवीस किलो भरला. मी कितीतरी वेळ त्या खोडाशी उभा होतो.

तुलाही एक घ्यायचा आहे. पण तू डावखुरा, आणि ही पट्टी बहुतेक उजव्या अंगठ्यासाठीच असते. तुला आडव्या दांडीच्या खटक्याचा लागेल, तो दोन्ही बाजूंनी सारता येतो. हिवाळ्यात भरीत पार्टीला येशील तेव्हा तयार ठेवतो. वांगी मी कपाशीच्या काड्यांवर भाजतो, कांद्याची पात आणि केळीची पानं तू काप.

क्लिप कुठल्या खिशाला लावतोस ते तेवढं कळव.

तुझाच,
बांधावरचा मित्र