पोरीला पुस्तकं कोणती घ्यावीत?

परभणी

प्रिय दिल्या,

फोनच केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतोस, आणि मला हे एका दमात सांगायचंय. इकडं सगळे बरे. आईची बीपीची गोळी चालू आहे, खाते-पिते, पुण्याला कधी जायचं म्हणून विचारते.

परवा थोरला आणि वहिनी गौरीला घेऊन आले होते. पोरगी सीएची पहिली परीक्षा, फाउंडेशन, निघाली हे तुला कळलंच. आता पुढची परीक्षा, इंटर, जानेवारीचा अटेंप्ट. चहा झाला आणि थोरल्यानं खिशातून संभाजीनगरच्या एका क्लासचं पत्रक काढून माझ्यापुढं ठेवलं. म्हणाला, "तू म्हणशील ते घेऊ." इंटरच्या दोन्ही ग्रुपचं, म्हणजे तीन-तीन पेपरांचं, पॅकेज: रेकॉर्डेड लेक्चर, रंगीत नोट्स, चार्ट बुक, क्वेश्चन बँक, सगळं मिळून चाळीस हजार. सोयाबीन 2025-26 च्या हमीभावानं, क्विंटलला 5328 नं धरलं तरी साडेसात क्विंटल झालं की रे! आणि गेल्या सप्टेंबरच्या पावसानं त्याच्या रानात काय ठेवलं ते तू ऐकलंयसच. पैसे कुठून आणतोस हे मी विचारलं नाही. वहिनीच्या हातात पाटल्या नव्हत्या.

तू असतास तर म्हणाला असतास, घेऊन टाका, पुस्तकाच्या पैशाला बघायचं नसतं. तुझं ते जुनंच आहे. कॉस्टिंगला तीन लेखकांची तीन पुस्तकं आणून तिन्हींतली पहिली चार-चार प्रकरणं करणारा तूच ना? मटेरियलचं प्रकरण तुला झोपेत यायचं आणि प्रोसेस कॉस्टिंगचं पान कोरं करकरीत. त्यावरून औरंगपुऱ्याच्या खोलीत आपलं बोलणं बंद झालं होतं, आणि डबा मात्र एकच असल्यामुळं जेवायला समोरासमोर बसावं लागायचं. मी अजून त्याच मताचा आहे. एका विषयाला एकच पुस्तक, आणि तेच पुन्हा पुन्हा.

तेही शक्यतो सीएच्या संस्थेचंच (आयसीएआयचंच) पुस्तक, म्हणजे मॉड्यूल. गौरीला तसंच सांगितलं. आता प्रत्येक पेपरात 30 मार्कांचे एमसीक्यू, पर्याय निवडायचे प्रश्न, असतात, बरेचसे मोठी केस देऊन त्यावर विचारलेले. उरलेल्या 70 ला लिहायचंच आहे. ते कसं लिहायचं हे सजेस्टेड आन्सर्स, म्हणजे जुन्या पेपरांची संस्थेनं दिलेली उत्तरं, वाचल्याशिवाय कळत नाही. आरटीपी (उजळणीचे पेपर), मॉक पेपर, सजेस्टेड, सगळं संस्थेच्या वेबसाइटवर फुकट आहे. पोरं ते सोडून रंगीत चार्टच्या मागं लागतात. चार्ट स्वतः काढला तरच डोक्यात राहतो, दुसऱ्याचा काढलेला काय कामाचा?

पण गड्या, खरी गोष्ट पुढंच आहे. तिला म्हटलं, तुझं लॉचं मॉड्यूल दाखव बरं. दिलं. पहिल्या प्रकरणाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात मराठी. ओळीओळीला. दुसऱ्यात निम्म्यापर्यंत. त्याच्यापुढं काही नाही, पानं नवीकोरी. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरगी, अकाउंट्सचं कुठलंही गणित दे, झपझप सोडवते. लॉच्या एकेका वाक्यात मात्र तिचा जीव गुदमरायलाय.

आता सांग, हे तुझ्याशिवाय कुणाला लिहू? आपण दोघांत एकच मॉड्यूल घेतलं होतं, ब्लेडनं कापून दाभणानं सुतळी ओवली होती, कंपनी लॉ तुझ्याकडं, ऑडिट माझ्याकडं. रात्री खाली टपरीवर उभं राहून एकमेकांना मराठीत सांगायचो, कलमं भांडत-भांडत पाठ झाली. आपल्याला ते मॉड्यूल पुरलं ते आपण दोघं होतो म्हणून. ती एकटी आहे. तिला "मॉड्यूलच वाच" म्हणून मोकळं व्हायला माझं मन धजत नाही.

म्हणून माझ्या डोक्यात असं आहे. लॉ आणि ऑडिट, या दोनच विषयांची लेक्चर घ्यायची, सुटी. हिंदीतून शिकवणारा, पण मॉड्यूल हातात धरून शिकवणारा माणूस हवा, आणि डेमो तिनं स्वतः ऐकून ठरवायचं. अकाउंट्स, कॉस्टिंग, एफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट) मॉड्यूलवर होईल. टॅक्सचं मात्र जुनं काहीच घ्यायचं नाही. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा नवा आयकर कायदा आला, त्याआधी 22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. जानेवारीच्या परीक्षेला काय लागू आहे ते संस्थेच्या सूचनेत वाचायचं, मगच पुस्तक. शेजारच्या मास्तरांच्या पोरानं त्याचा जुना संच फुकट देऊ केलाय, पण तो आठ पेपरांच्या वेळचा. मे 2024 पासून पेपर सहाच आहेत. त्यातली कॉस्टिंगची गणितं सरावाला ठेवू म्हटलं, बाकी रद्दी. टेलिग्रामवर चोरीची लेक्चर मिळतात असंही कुणीतरी तिच्या कानावर घातलंय. मी सरळ नाही म्हणालो. ज्या पोरीला उद्या लोकांच्या हिशेबावर सही करायची आहे, तिनं सुरुवात अशी करायची नाही.

काळजी एवढीच वाटते की थोरला माझ्या शब्दावर चाललाय. प्रत्येक पेपरात 40 पाहिजेत आणि ग्रुपला 300 पैकी 150. उद्या एका पेपरात 38 पडले तर तो मला काही म्हणणार नाही, पण वहिनीला वाटेल की भाऊजींनी पोरीच्या शिक्षणात हात आखडायला लावला. आणि पॅकेज घेऊन चाळीस हजारांचं सामान खोक्यात पडून राहिलं, तर त्या पाटल्यांचं काय? रात्री अंथरुणावर हेच चालू असतं.

तुझ्या नव्या ऑफिसचं कळलं, फार आनंद झाला. तुझ्याकडच्या वहिनींच्या गुडघ्याचं काय म्हणाले डॉक्टर? चिरंजीव अभ्यास करतायत की बापावर गेलेत?

तर दोन कामं कर. तुझ्या ऑफिसात आर्टिकलशिप करणाऱ्या, म्हणजे शिकाऊ सीए पोरांना विचार, विशेषतः मराठी मीडियमची असतील त्यांना, लॉ कुणाचं ऐकून समजलं. आणि गौरीला फोन कर. तिला एखादं कलम मराठीत सांगायला लाव, मग तेच इंग्रजीत. दहा मिनिटांत तुला कळेल तिला किती मदत लागेल. मला ते घरच्या माणसासारखंच दिसतं, तू बाहेरून बघशील. क्लासवाल्यानं शुक्रवारपर्यंतच सवलत सांगितलीय आणि थोरला रोज फोन करतोय, तेव्हा गुरुवारच्या आत कळव.

तुझा,
नंदू