ताईंची मुदत अकरा महिने, मुलाची अठरा वर्षे: खुले पत्र

मा. महिला व बालविकास मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

स.न.वि.वि.

मी सोलापुरातील सेवानिवृत्त प्राथमिक शिक्षिका. मुलगी आणि जावई गेल्यापासून नऊ वर्षांचा नातू माझ्याकडे आहे. गेल्या मंगळवारी गृहभेटीला नव्या ताई, म्हणजे सरकारच्या बाल संरक्षणाच्या कामातल्या कंत्राटी समाजसेविका, आल्या, कोरा फॉर्म काढला आणि त्याला विचारले, "बाळा, आईबाबांना काय झालं होतं?" तीन वर्षांत हा प्रश्न विचारणाऱ्या त्या पाचव्या. नातू उठून पलंगाखाली जाऊन बसला आणि तिथूनच म्हणाला, "आधीच्या ताईंना सांगितलंय."

दुसऱ्या ताईंना त्याला बोलते करायला सहा महिने लागले होते. भर उन्हात दोन बस बदलून त्या अक्कलकोट रोडच्या आमच्या चाळीत येत आणि आधी कॅरमचा एक डाव खेळून मगच वही उघडत. मानधन चार महिने थकले, तेव्हा त्या पुण्याला दुसऱ्या नोकरीवर गेल्या. जाताना दिलेला स्ट्रायकर त्याच्या कंपासपेटीत अजून आहे. मी त्यांना दोष देत नाही. घरभाडे त्यांनाही द्यावे लागत असेल. पण त्यानंतर महिनाभर तो रात्री दचकून उठे आणि त्याला थोपटताना पोटच्या मुलीसाठी रडायलाही मला सवड मिळाली नाही, हे कोणत्या रकान्यात लिहायचे?

गेल्या वर्षी पालकांच्या बैठकीत एका अधिकाऱ्यांनी सांगितले होते की, रिक्त पदे दिवाळीपूर्वी भरू. कोणती दिवाळी, हे विचारायचे माझ्याकडून राहून गेले.

नातवासाठीचे बालसंगोपन योजनेचे दरमहा 2,250 रुपये कधी मिळतात, कधी रखडतात. त्यासाठी हे पत्र नाही. ताईंचे मानधन ज्यातून निघते त्या मिशन वात्सल्य या बाल संरक्षण योजनेच्या खर्चात केंद्राचा वाटा 60 टक्के आणि राज्याचा 40 टक्के असतो म्हणे. त्यामुळे मानधन थकले की राज्य दिल्लीकडे बोट दाखवते आणि दिल्ली मुंबईकडे. 2015 चा बाल न्याय कायदा मुलाला अठरा वर्षांपर्यंत बालक मानतो; आपण मात्र त्याला सांभाळणाऱ्या ताईला अकरा महिन्यांच्या नेमणुकीची ऑर्डर देता. फाईल तपासणारा कायम आणि मुलाजवळ बसणारी कंत्राटी, ही उतरंड रचली कोणी? शिक्षणसेवक, आशाताई, अंगणवाडी सेविका, जिथे माणसाला माणसाची गरज पडते तिथे सरकारला मानधनच सुचते. पगार हा शब्द बहुधा मंत्रालयाच्या जिन्यावरच अडकून पडला असावा.

मागणे थोडे आहे. मानधन दरमहा वेळेवर द्या, नेमणूक किमान तीन वर्षांची करा आणि जाणाऱ्या ताईंनी नव्या ताईंना एकदा तरी सोबत घेऊन घरी यावे, एवढा नियम करा. तिसऱ्या मागणीला तर छदामही लागत नाही.

पाचव्या ताई पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला पुन्हा येणार आहेत. त्यांची ऑर्डर त्याआधी संपत नाही ना, एवढे कृपया कोणाकडून तरी कळवावे, म्हणजे कॅरमबोर्ड पुसून ठेवायचा की नाही ते मला ठरवता येईल.

आपली,
एक आजी, सोलापूर