दंड भरायचा की बाजू मांडायची?

ति. आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पंच्याऐंशी डॉलरच ना? भरून टाक आणि मोकळी हो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये." आईचेही तेच मत आहे, हे तिच्या गप्प राहण्यावरून मला कळले. तेव्हा सगळे नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते आहे. गाडीच्या अपघातानंतर पोलिसांनी माझ्यावर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला; तो दंड न भरता आरोप नाकारावा, असे माझे मन झाले आहे. त्याची कारणे तुम्ही ऐकावीत, अशी माझी इच्छा आहे.

आई, आधी तुझ्यासाठी: खांद्याचे दुखणे आता बरेच कमी आहे. न्यू जर्सीत चूक कोणाचीही असली तरी उपचाराचा खर्च आपल्याच विम्यातून मिळतो, त्यामुळे डॉक्टरांच्या बिलांची काळजी करू नकोस. समोरच्या गाडीतल्या गृहस्थांनाही फारसे लागलेले नाही.

त्या तिन्हीसांजेला पाऊस होता. गल्लीच्या तोंडाशी मी पूर्ण थांबले, दोन्हीकडे पाहिले आणि डावीकडे वळण्यासाठी गाडी पुढे घेतली, तोच एक करडी गाडी डाव्या मडगार्डवर आदळली. तिचे दिवे बंद होते. इथला कायदा असा आहे की वायपर चालू असतील तर हेडलाइटही चालू हवेत. पोलीस नंतर आले. मुख्य रस्त्यावरच्या गाडीचा हक्क आधी, एवढे पाहून त्यांनी माझ्या हातात निष्काळजी वाहनचालनाचे तिकीट, म्हणजे दंडाची नोटीस, ठेवले. तो हक्क मला मान्य आहे, पण जी गाडी दिसतच नाही तिला वाट कशी द्यावी?

मी काढलेल्या फोटोत त्या गाडीचे वायपर काचेच्या मध्यावर थांबलेले आणि दोन्ही दिवे विझलेले आहेत. हा फोटो धडकेनंतरचा असल्यामुळे इंजिन बंद केल्यावर दिवे गेले, असे सरकारी वकील म्हणू शकतील. म्हणूनच कोपऱ्यावरच्या पिझ्झाच्या दुकानातल्या कॅमेऱ्याचे चित्रण मला जास्त मोलाचे वाटते. असे चित्रण काही काळाने आपोआप पुसले जाते, त्यामुळे त्याची प्रत मी लगेच मागून घेतली. त्यात प्रत्येक गाडी येण्याआधी तिच्या दिव्यांचा पट्टा ओल्या डांबरावर सरकत येताना दिसतो. करडी गाडी येते तेव्हा मात्र रस्ता काळाच राहतो.

बाबा, दंड भरणे म्हणजे इथे गुन्हा कबूल करणे. त्याने परवान्यावर दोन पॉइंट, म्हणजे नियमभंगाचे गुण, चढतात. त्यांची मला फारशी भीती नाही. तीन वर्षांत सहा पॉइंट झाले तरच १५० डॉलरचा अधिभार लागतो, आणि वर्षभर नीट गाडी चालवली तर तीन पॉइंट वजा होतात. विम्याचा हप्ता वाढण्याची शक्यता अधिक आहे, पण विमा कंपनी चूक कोणाची हे आपल्या परीने ठरवते. मला खरी टोचणी आहे ती नोंदीची. जे मी केले नाही असे मला मनापासून वाटते, ते माझ्या नावावर माझ्याच कबुलीने लागेल.

तुमच्या डोळ्यांसमोर तारखांवर तारखा पडणारे कोर्ट असेल. हे गावपातळीवरचे म्युनिसिपल कोर्ट आहे, तिथे ज्यूरी नसते, न्यायाधीशच ऐकून निकाल देतात. वाहतुकीचा असा नियमभंग इथे फौजदारी गुन्ह्यात मोडत नाही, तरीही आरोप निःसंशय सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर असते. नुसता अपघात झाला म्हणजे निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे इथल्या अपील न्यायालयाने १९७१ सालीच सांगितले आहे. पोलिसांनी धडक पाहिलेली नसल्यामुळे ती कशी झाली हे समोरच्या चालकाला येऊन सांगावे लागेल, आणि मग त्याला दिव्यांबद्दल विचारता येईल.

हरले तर दंड २०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो आणि वर कोर्टाचा खर्च येतो. वकील केला तर त्याची फी दंडाच्या कितीतरी पट होईल. हा खर्च मी धरून चालले आहे. बहुधा सरकारी वकील तडजोड सुचवतील: असुरक्षित वाहनचालन कबूल करा, पॉइंट लागणार नाहीत, मात्र २५० डॉलरचा अधिभार भरा. बरेच जण ती घेतात आणि त्यात काही गैर नाही. मी घेणार नाही, कारण तिथेही गाडी धोकादायक चालवली असे मलाच म्हणावे लागेल. शिवाय कोर्टात दिलेली कबुली पुढे भरपाईच्या दाव्यात माझ्याविरुद्ध वापरली जाऊ शकते. तसे होऊ नये म्हणून न्यायाधीशांकडून वेगळी मुभा मागून घ्यावी लागते.

बाबा, तुम्ही आयुष्यभर एस.टी.चे स्टिअरिंग धरले, घाटातले आणि पावसातले रस्ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतात. दादाच्या फोनवर ते चित्रण पाठवले आहे, चौकाचा नकाशाही काढून दिला आहे. लेक म्हणून माझी बाजू न घेता पाहा. वळण घेण्याआधी मी आणखी थांबायला हवे होते असे तुम्हाला दिसले, तर तसे स्पष्ट सांगा, मी दंड भरून टाकीन. आरोप नाकारल्याचे कोर्टाला कळवण्याची मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत आहे, तेव्हा त्याआधी फोन करा.

तुमची लेक