फ्लास्क घ्यायचा तर आधी उलटा करून बघा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भटकंतीच्या सामानावर लेख आला होता. खिशात बाळगायच्या चपट्या स्टीलच्या फ्लास्कबद्दल त्यात दोनच ओळी होत्या : चामड्याचं वेष्टन असलेला घ्यावा, रुबाबदार दिसतो. रुबाबाला माझी हरकत नाही. पण मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत मी ३१ वर्षं वेल्डिंगचे जोड तपासले आहेत. चामडं दिसलं की मला आधी प्रश्न पडतो, खाली काय झाकलंय?

एक खुलासा करून टाकतो, कारण पुण्याची भाचरं नेहमी चिडवतात, "मामा, बडोद्यात राहून फ्लास्क?" दारूबंदीचा कायदा १९४९ चा, जुन्या मुंबई राज्याचा. १९६० साली राज्यं वेगळी झाली. तुमच्याकडे तो सैल होत गेला, आमच्याकडे टिकला. माझ्या फ्लास्कात आल्याचा रस आणि गुळाचं पाणी असतं. पावागड चांपानेरपासून पायी चढायचा, तर माचीला पोचेपर्यंत दोन-तीन घोट बरे वाटतात. एकदा वाटेतल्या चौकीवर पोलिसाने झाकण उघडायला लावलं. वास घेतला, शिंकला आणि म्हणाला, "काका, थोडुं मनेय आपो." बिचाऱ्याला सर्दी झाली होती. दिलं.

आता मुद्द्याचं. गेल्या महिन्यात मंगळ बाजारातल्या एका दुकानातून नवा फ्लास्क आणला. सहा औंसांचा, म्हणजे साधारण १७७ मिलिलिटर. वर 'स्टेनलेस स्टील' कोरलेलं. हे म्हणजे तांदळाच्या पोत्यावर 'तांदूळ' लिहिण्यासारखं. कुठला ते सांगा ना! चांगला म्हणजे ३०४ क्रमांकाच्या प्रतीचा, त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेल महाग, म्हणून हलक्या भांड्यांत ते कमी करून मँगनीज वाढवतात. त्याला आम्ही दोनशेची मालिका म्हणतो. दिसायला दोन्ही सारखे, पण हलक्याला दमट हवेत लवकर डाग पडतात. मी विचारलं तर दुकानदाराने गल्ल्यातून लोहचुंबक काढलं. "जुओ काका, चोंटतुं नथी. असली छे." मी हसलो. चुंबक दोनशेच्या मालिकेलाही चिकटत नाही. उलट ३०४ चा पत्रा थंड असताना वाकवला की कोपऱ्यांवर थोडी ओढ दाखवतो. म्हणजे ही परीक्षा खऱ्या मालालाच नापास करायची.

तरीही घेतला, कारण हातात छान बसला. (माणूस ३१ वर्षं तपासनीस असला तरी गिऱ्हाईक म्हणून गाढवच असतो.)

घरी पाणी भरलं, त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकले, झाकण घट्ट केलं, फ्लास्क उलटा करून रात्रभर कागदावर ठेवला. साबण अशासाठी, की नुसतं पाणी बारीक भोकात अडून बसतं, साबणाचं पाणी किंवा मद्य मात्र झिरपतं. सकाळी झाकणाखाली कोरडं. मग सुलटा करून ठेवला, तर दुपारपर्यंत बुडाशी रुपयाएवढा ओला डाग. कागद आपल्याच पुरवणीचा होता, डाग नेमका त्या चामड्याच्या ओळीवर.

जुन्या सहकाऱ्याकडून तपासणीचं सामान मागून आणलं. फ्लास्कात लाल रंग ओतला, बाहेरून पांढरा डेव्हलपर (झिरपलेला रंग टिपून दाखवणारी पूड) फवारला आणि चहा प्यायलो. परत येऊन बघतो तो बुडाच्या कोपऱ्यात टाचणीच्या टोकाएवढा लाल ठिपका, हळूहळू पसरणारा. जागा अगदी अपेक्षित. फ्लास्क म्हणजे गुंडाळलेला पत्रा, त्याला एक उभी शिवण, वर-खाली दोन टोपणं. उभी शिवण बुडाच्या जोडाला भेटते तिथेच वेल्डिंग फसतं. म्हणून घेताना तिथे नख फिरवा. शिवण सलग, एकसारखी लागली पाहिजे. खड्डा, गुठळी किंवा निळसर-काळा पट्टा नको. तो पट्टा म्हणजे उष्णतेने पृष्ठभागाचं संरक्षण गेलेली जागा, गंज तिथून सुरू होतो. आणि हे सगळं चामड्याखाली कसं दिसणार? शिवाय पावसात चामडं ओलं राहतं ते वेगळंच.

झाकणाला बिजागरी असावी, नाहीतर ते दरीत जातं. पण त्या बिजागरीची पिन हलवून बघा. आतली चकती सिलिकॉनची आणि बदलता येणारी हवी. आटे रोज पुसा. मी एकदा गुळाचं पाणी आट्यांत सुकू दिलं, तर झाकण पक्कडीने उघडावं लागलं आणि पिशवीभर मुंग्या झाल्या. मीठ घातलेलं लिंबू सरबत मात्र त्यात तासन्‌तास ठेवू नका. आंबट आणि खारट एकत्र आलं की चांगल्या स्टीललाही बारीक खड्डे पडतात. आतून धुवायला कोमट पाणी आणि मूठभर कच्चे तांदूळ घालून खळखळवा, मग उघडा सुकू द्या.

आजोबांचा एक फ्लास्क घरात आहे, प्यूटरचा, म्हणजे मुख्यतः कथिलाच्या मिश्रधातूचा. ते गायकवाडांच्या रेल्वेत, प्रतापनगरच्या कारखान्यात होते. देखणा आहे, पण जुन्या प्यूटरमध्ये शिसं असायचं, तेव्हा तो कपाटातच शोभतो. जुन्या बाजारात कुणी असा हौसेने विकत घेत असेल, तर त्यातून पिऊ नये.

आणि हिमालयात जाणाऱ्यांनी ब्रँडीने ऊब येते या भरवशावर राहू नये. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं, पण शरीराची उष्णता बाहेर जाते. हे मी सांगतोय म्हणून बडोदेकराचा मत्सर समजू नका.

दुकानदाराने कुरकुर न करता फ्लास्क बदलून दिला, लाल रंग बघून जरा घाबरला इतकंच. दुसरा फ्लास्क मंगळवारपासून आमच्या जेवणाच्या टेबलावर आपल्या शब्दकोड्याच्या पानावर उभा आहे, एक रात्र उलटा, एक रात्र सुलटा. आज शुक्रवार. शब्दकोडं अजून कोरडं आहे.

आपला,
एक निवृत्त वेल्डिंग तपासनीस
दांडिया बाजार, बडोदा