गणपतीला येत नाहीये

ती. आई-बाबांना शि. सा. नमस्कार.

फोनवर आईचा आवाज ऐकला की मला काही लपवता येत नाही, म्हणून लिहितोय. यंदा गणपतीला येत नाहीये. घर पाहुण्यांनी भरलेलं असतं आणि मला सध्या साधी सर्दीही परवडत नाही. मानेवरची गाठ दाढेमुळे नव्हती. तपासणीत लिम्फोमासारखा आजार निघाला, किडनी बदललेल्यांना कधी कधी होतो तो. हो, कॅन्सरमध्येच मोडतो. तो शब्द नंदूकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेला बरा. पहिलं सलाईन मंगळवारी झालंसुद्धा. आधी सांगितलं असतं तर बाबा रात्रीच्या एसटीत बसले असते. तरी चुकलंच माझं.

आई, तुझ्या मनात पहिलं काय येईल ते ठाऊक आहे: तू दिलेल्या किडनीतून तर हे आलं नाही ना? मी डॉक्टरांना तेच विचारलं. याच्यामागे एप्स्टीन-बार विषाणू आहे. बाबा चौथीत होते तेव्हा, १९६४ साली, लंडनमध्ये सापडलेला. मोठ्या माणसांत दहातल्या नऊ जणांच्या अंगात तो असतोच. लाळेतून येतो आणि पांढऱ्या पेशींत जन्मभर झोपून राहतो. माझ्यात तो आधीपासून होता, ऑपरेशनच्या आधीच्या रिपोर्टात लिहिलंय. दोष द्यायचाच तर नंदूच्या उष्ट्या चिंचेला दे.

किडनी टिकावी म्हणून घेतलेल्या गोळ्यांनी राखणदार पेशी दबल्या आणि हा जागा झाला. म्हणून आधी त्यातल्या टॅक्रो या गोळीचा डोस कमी केलाय. त्यात किडनीला धोका आहे, पण किडनी कशी चालतेय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन सारखं तपासतात. काल १.४ आलं, नेहमीचंच. तुझी ठेव जपतोय गं.

मेघा मऊ भात-मेतकूट देते, पाणी उकळलेलं, लोकल बंद, टॅक्सीनेच जातो. सलाईन चढताना हुडहुडी भरली तेव्हा तुझ्या जुन्या लुगड्याची गोधडी आठवली. ती पाठव, कडक उन्हात वाळवून. पपनस नको, त्याने गोळीची रक्तातली पातळी वाढते.

आणि आई, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणतेस ती गोळी आजपासून बंद. एका किडनीवर आहेस तू. बीपी, रक्त, लघवी याच महिन्यात तपासायचं. बाबा, रिपोर्टचा फोटो मेघाला पाठवा, 'सगळं ठीक' एवढं चालणार नाही.

चार सलाईनं झाली की पुन्हा स्कॅन आहे. आरतीला व्हिडिओ कॉल लावा. मोबाईल समईपासून लांब ठेवा, मागच्या वेळचं लक्षात आहे ना?

तुमचा,
बाळू